उपासाला न चालणारी गोळी

एकोणिसाव्या वर्षी मी गर्भनिरोधक गोळ्यांना उपास लावला. लग्न नुकतं झालेलं, बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू. आमच्या ह्यांनी सरकारी दवाखान्यातून पाकीट आणलं. नर्सबाईंनी ते ह्यांच्याच हातात दिलं आणि 'रोज एक' एवढंच सांगितलं. औषध बाईच्या पोटात जायचं, पण बाईशी कोणी बोललं नाही.

रोज एक, हे कळलं. पण एकादशीला? श्रावणी सोमवारी? साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, आमच्या वाडीतली केळी तर चालतातच. गोळीत काय असतं कोण जाणे. सासूला विचारायची सोय नव्हती आणि मैत्रिणी माझ्याहून मठ्ठ. देवाला उगाच दुखवा कशाला म्हणून उपासाच्या दिवशी मी गोळी डब्यातच ठेवायची. त्या श्रावणात मला इतकी भक्ती आली की सोमवारांबरोबर शनिवारही धरले.

परीक्षेच्या वेळी आठवा महिना होता. कॉलेजातल्या सरांनी निरोप पाठवला, तुम्हाला बाकावर बसायला त्रास होईल, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष अजून यायचंय. आणि मी गाढवीण तेव्हा म्हणाले, सर किती काळजी करतात!

माझी नात विरारच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. वय वीस. तिचा एक मित्र आहे, पाचूबंदरचा. येताना मांदेली मासळी आणतो, तीही साफ करून. माझी चौकशी तिथेच संपली. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या त्या श्रावणातल्या चिरंजीवांना, यातलं काही ठाऊक नाही. कॉलेजच्या आरोग्य कक्षात डॉक्टरबाई यायच्या, त्यांनी तपासून तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. गावातल्या मेडिकलवाल्याला आमची सगळी भावकी तोंडपाठ, तिथून घेणं म्हणजे दवंडी पिटणं.

मग कॉलेजात नोटीस लागली. अविवाहित विद्यार्थिनींना 'असली' औषधं हवी असतील तर पालकाची सही आणि कारण लेखी द्यावं. मुलग्यांसाठी नोटीस नव्हती. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नसावा. नात कागद घेऊन माझ्याकडे आली तेव्हा पाकिटात चार गोळ्या उरल्या होत्या. बापाच्या हातात तो कागद पडला असता तर कॉलेज बंद आणि स्थळं सुरू.

मी तिला घेऊन कॉलेजात गेले. नियम करणाऱ्या समितीच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. मला बसायला सांगून त्यांनी मुलींचं भलं, आपली संस्कृती, कोवळं वय, सगळं एका दमात म्हटलं. आरतीसुद्धा आम्ही याहून सावकाश म्हणतो. भिंतीवर कॉलेजच्या शिबिराचे फोटो होते. एका फोटोत आमची नात चांदीप गावच्या बायकांसमोर कुटुंबनियोजनाचा तक्ता धरून उभी. मी बाईंना विचारलं, हे हिनेच शिकवलं ना? त्या कौतुकाने म्हणाल्या, हो, फार छान समजावते. शिकवायला मोठी, घ्यायला कोवळी! इतकं बिनडोक काही मी त्या श्रावणातही केलं नव्हतं.

सही आई-वडिलांचीच लागेल, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "हिच्या बापाला मी जन्म दिलाय. पालकाची पालक समोर बसलीये, आणखी किती वर जायचं?" बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला. आजीला मनाई असल्याचं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. नियम करताना आजी त्यांच्या डोक्यातच आली नसणार. मी सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'परीक्षेला बसायचं आहे.' बाईंनी शिक्का मारला, माझ्याकडे न बघता.

त्या दिवसापासून मी मोठी क्रांतिकारक. सकाळी चहाच्या वेळी नातीकडे बघून भुवई उडवायची. ती घाईत निघाली तर मागून खाकरायचं. एकदा तर तिच्या पर्समधलं पाकीट काढून रिकामी घरं मोजली, आणि पकडली गेले.

तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं, पर्समध्ये ठेवलं, चेन लावली आणि शांतपणे म्हणाली, "आजी, त्या बाई निदान एकदाच विचारतात. तू रोज विचारतेस. सही दिलीस ना? मग आता सोड मला."