पंचफुलाबाईंची गणपूर्ती

पंचफुलाबाई तायडे दहावीला गणितात नापास झाल्या, त्याही चार मार्कांनी. एकतीस पडले होते. आणि पुढे याच बाईंची सगळी उमर गणितवाल्यांत गेली. याला नशीब म्हणावं की नशिबाची चेष्टा? स्वतः बाई चेष्टाच म्हणतात आणि पोट धरून हसतात.

अमरावतीला रुक्मिणीनगरात एका शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. दारावर पाटी, ‘वऱ्हाड गणित मंडळ’. शाळा-कॉलेजांत गणित शिकवणाऱ्यांची ही संघटना, सभासद चारशे अठरा. दर महिन्याला एका रविवारी सभा. विषम महिन्यात अमरावतीला, सम महिन्यात अकोल्याला, हे मंडळ निघालं त्या दिवशीच ठरलं आणि त्यावर आजवर कोणी भांडलं नाही. बाकी सगळ्यावर भांडून झालं.

या मंडळाचं ऑफिस म्हणजे पंचफुलाबाई. रोज चांदूर रेल्वेहून एसटीनं यायचं, कुलूप उघडायचं, नव्या सभासदाला अर्ज द्यायचा, त्याचं कार्ड सुवाच्य अक्षरात लिहायचं, त्रैमासिकाच्या अंकांवर पत्ते चिकटवायचे, सभेची नोटीस काढायची. सभेच्या दिवशी खडू, डस्टर आणि इतिवृत्ताचं रजिस्टर पिशवीत घालून हजर व्हायचं. सभा सुरू होण्याआधी डोकी मोजायची आणि अध्यक्षांना मोठ्यानं सांगायचं, “गणपूर्ती झाली जी.” सभेला निदान पंधरा जण हवेत, त्याखेरीज एकही ठराव करता येत नाही. ते पंधरा भरले की गणपूर्ती. हा शब्द उच्चारताना बाईंची मान आपोआप ताठ व्हायची.

आणि शिवाय शंकापेटी. खेड्यापाड्यातल्या मास्तरांना शिकवताना एखादं गणित अडलं की त्यांनी ऑफिसात फोन करायचा, बाईंनी ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि त्या विषयातल्या जाणकाराकडे पोचवायचं. बाईंना गणित येत नाही, पण कोणतं गणित कोणाला येतं हे सगळ्या वऱ्हाडात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

पहिल्याच वर्षी मात्र मोठी गंमत झाली. शेंदूरजनाघाटच्या एका गुरुजींचा फोन आला. “बाई, वर्तुळात पाय अडून राहिला. बावीस सप्तमांश घेतला त जमत नाई. जानराव सरांले पाय म्हणा.” आता आमच्याकडे ‘पाय’ म्हणजे चालायचा पायही आणि ‘पाय’ म्हणजे बघही, आणि गणितवाल्यांचा तिसराच पाय असतो हे बाईंच्या गावीही नव्हतं. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘शेंदूरजन्याच्या गुरुजींचा पाय अडकला. सरांनी पाहावा.’ जानराव सर म्हणजे मंडळाचे पहिले सचिव, देवमाणूस. ते घाबरले आणि त्यांनी लगोलग फोन लावला, “गुरुजी, कोणता पाय, डावा का उजवा?” गुरुजी म्हणाले, “सर, वर्तुळाले डावा-उजवा असते काय?” पुढे दोन वर्षं सभेत कोणी उशिरा आलं की विचारायचे, पाय अडकला होता का? बाईंनी धडा घेतला. आजही फोनवर त्या आधी विचारून घेतात, “कोणता पाय जी? चालाचा, पाहाचा, का वर्तुळाचा?”

जानराव सर जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या जागी दोन सचिव आले आणि गेले, आणि यंदा आले अकोल्याचे नितेश सर. वय चौतीस, डोकं तल्लख, स्वभाव सरळ. नको तितका सरळ. जुनी इतिवृत्तं संगणकात घालायची असं त्यांनी मनावर घेतलं आणि जुलैत सलग चार दिवस ऑफिसात येऊन बसले. बाईंनी त्यांना चहा दिला, डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा दिला. चौथ्या दिवशी दुपारी सरांनी मान वर केली.

“मावशी, एक विचारू? प्रत्येक सभेत उपस्थितांचा आकडा तुम्ही लिहिता ना?”

“हो जी. १२ जुलै १९९८ पासून मीच लिहून राहिली.”

“प्रत्येक वेळी तो सह्यांपेक्षा एकानं जास्त आहे. कोरोनात बंद होत्या त्या सोडून तीनशे चार सभा झाल्या आणि तीनशे चारही वेळा.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सत्तावीस वर्षं दर सभेत मागचं इतिवृत्त वाचून ‘कायम’ व्हायचं. बेरजा-गुणाकारांवर पोट भरणारी माणसं हात वर करायची. खालच्या सह्या मोजून बघाव्या, असं त्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही.

बाई म्हणाल्या, “मी मलेबी मोजते ना जी.”

“पण मावशी, तुम्ही सभासद कुठे आहात?”

सरांनी हे काही वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पाच आणि सात बारा होतात तसं म्हटलं. सर पुढं सांगतच होते की चार सभांत आकडा बरोबर पंधरा आहे, म्हणजे खरे चौदाच, म्हणजे गणपूर्ती नव्हती. त्या सभांतले ठराव बेकायदा ठरतात, आणि त्यातला एक ठराव शंकापेटी सुरू करण्याचा आहे. “मला हे वार्षिक सभेपुढे ठेवावं लागेल. तुमच्यावर आरोप नाही. पण लपवताही येणार नाही.”

आरोप नाही म्हणे! जिनं आयुष्यात एकच काम अचूक केलं असं तिला वाटत होतं, तिला कोणी सांगावं की तेच चुकलं, तेही तीनशे चार वेळा. एकतीस मार्कांचा कागद हातात घेऊन शाळेच्या पायरीवर बसलेली पोरगी बाईंना चाळीस वर्षांनी पुन्हा आठवली.

घरी श्रावणरावांनी, म्हणजे नवऱ्यानं, ताटाकडे पाहून विचारलं, “कावून वो? वरणात मीठ नाई का?” बाईंनी सगळं सांगितलं. श्रावणराव रेल्वेतून रिटायर झालेले, गेटमन. रोज किती गाड्या गेल्या ते लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे मोजण्याची अब्रू काय असते ते त्यांना कळत होतं. त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “जानराव सरांनं सांगतलं होतं ना तुले तसं?”

सांगितलंच होतं. पहिल्या सभेला बाई दाराशी उभ्या राहून मोजत होत्या. सतरा म्हणाल्या. जानराव सर म्हणाले, “अठरा. सोतःले सोडू नको पंचफुला. मोजणारा सोतःलेच इसरते, आन् मंग सगळं गणित चुकते.” तेव्हापासून शेवटचा आकडा बाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणत. पण सर गेले, आणि त्यांचं हे बोलणं काही इतिवृत्तात नोंदलेलं नव्हतं.

वार्षिक सभा ऑगस्टात, म्हणजे अकोल्याला. तारीख नितेश सरांनी काढली ती नेमकी पोळ्यालगतच्या रविवारची. बाईंनी सुचवून पाहिलं होतं, “सर, त्या आठवड्यात पोळा हाये. खेड्यावरचे येनार नाईत.” सर म्हणाले, मावशी, पोळा शुक्रवारी आहे, रविवारी नाही. हिशेब बरोबर होता. पोळ्याला गावी गेलेला माणूस सोमवारशिवाय परतत नाही, एवढंच त्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

सकाळच्या गाडीनं बाई निघाल्या. एरवी बडनेरा ते मूर्तिजापूर कोणी ना कोणी सभासद भेटायचा, गप्पा व्हायच्या. त्या दिवशी डब्यात ओळखीचं कोणी नव्हतं. पिशवीतलं रजिस्टर मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर कपाशी बघत राहिल्या. शंकापेटी बंद झाली तर शेंदूरजन्याच्या गुरुजींना आता कोण विचारणार, कोणता पाय म्हणून? आणि ती बंद पडणार कशामुळे, तर त्यांच्या एका बोटामुळे.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात मंडळी जमली. अध्यक्षस्थानी साधना मॅडम होत्या, अकोल्याच्या निवृत्त प्राध्यापिका, सत्तरीच्या, संभाव्यतेत सगळ्यांच्या गुरू. अकरा वाजले, दहा मिनिटं वर झाली. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, “पंचफुलाबाई, किती?”

बाईंनी मोजलं. बोट बाक-बाक फिरत आलं, छातीपाशी आलं, आणि खाली गेलं.

“चौदा जी. गणपूर्ती नाई.”

हा शब्द ‘नाही’ लावून त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. मॅडमनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं. “मले त पंधरा दिसून राहिले,” त्या म्हणाल्या.

मग नितेश सरांना उभं राहून सगळं सांगावंच लागलं. तीनशे चार सभा, एक जास्त, चार बेकायदा ठराव. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. मॅडमनी रीतसर सभा तहकूब केली आणि मागे वळून विचारलं, “बाई, तुमी सभासद कावून नाई झाल्या? नियम चारमधे स्पष्ट हाये, गणित शिकवणारी किंवा गणिताच्या प्रसाराले मदत करणारी व्यक्ती.”

“मले कोणी अर्जच नाई देल्ला जी.”

“अर्ज कोण देते?”

“मीच.”

आधी कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि मग एकदम कोणालाच हसावंसं वाटेना. चारशे अठरा जणांना या बाईनं अर्ज दिला होता, चारशे अठरा कार्डं लिहिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मंडळानं सत्तावीस वर्षं घातला होता.

“आत्ताच करून टाका सभासद,” मागून कोणीतरी म्हणालं.

“ठरावाशिवाय कसं?” नितेश सर म्हणाले. “आणि ठराव करायला पंधरा लागतात.”

“बाई धरून पंधरा होतात की.”

“पण बाईंना धरता येण्यासाठी आधी ठराव पाहिजे.”

झालं! गणितवाल्यांना असा पेच मिळाला म्हणजे बैलाला पेंड मिळाली. एक फळ्याकडे धावला, दुसऱ्यानं त्याच्या हातातला खडू घेतला. ठराव आधी की गणपूर्ती आधी, यावर फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. कोणी म्हणालं हे सिद्धच करता येत नाही, कोणी म्हणालं गृहीत धरा. पोळा, चहा, चार बेकायदा ठराव, सगळं विसरून चौदा शहाणी माणसं भांडत होती.

पंचफुलाबाई कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होत्या. ही सगळी आपल्यासाठी भांडतायत, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं आणि डोळे भरून आले. पदरानं ते पुसता पुसता त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली, आणि प्रत्येक नोटिशीच्या तळाला त्या स्वतःच्या हातानं सत्तावीस वर्षं लिहीत आल्या होत्या ती ओळ त्यांना आठवली. त्या उभ्या राहिल्या.

“मॅडम, अर्धा तास झाला जी.”

“कशाचा?”

बाईंनी नोटीस काढून खणखणीत वाचली. “गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.”

फळ्याजवळ दोघांच्या हातात एकच खडू होता, तो तसाच राहिला. नितेश सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ठराव क्रमांक एक, श्रीमती पंचफुला श्रावण तायडे यांना सभासद करून घेण्यात येत आहे. सूचक होण्यासाठी सगळेच हात वर. पण नितेश सर अडून बसले, “सूचक मीच. मोजायची चूक मी केली.” मॅडमनी त्याला एक ओळ जोडली, सरकारी कचेरीत जन्म काढलेल्यांनाच सुचावी अशी. हे सभासदत्व १२ जुलै १९९८ पासून कार्योत्तर मंजूर. म्हणजे तीनशे चार सभांतला एकेक आकडा बरोबर, चारही ठराव पक्के, शंकापेटी शाबूत. सभासद क्रमांक चारशे एकोणीस. तेवढ्यात दोघांनी भागून पाहिलं आणि जाहीर केलं की मूळसंख्या आहे, हिला कोणी भाग देऊ शकत नाही.

“आता मोजा,” मॅडम म्हणाल्या.

बाईंनी मोजलं. या खेपेला स्वतःपासून सुरुवात केली, छातीवर बोट ठेवून, “एक.” पंधरावर येऊन थांबल्या. मग रजिस्टरात चौदा सह्यांखाली त्यांनी आपली सही केली, कार्डावर दुसऱ्यांची नावं लिहायच्या त्याच अक्षरात, जरा सावकाश.

सोमवारी ऑफिसचं कुलूप उघडतात तोच आतला फोन वाजत होता. शेंदूरजन्याचे गुरुजी.

“हॅलो, कोण बोलून राहिलं?”

इतकी वर्षं बाई सांगायच्या, मंडळाच्या ऑफिसातून. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली.

“पंचफुला तायडे, सभासद,” त्या म्हणाल्या. “सांगा गुरुजी, कोणता पाय अडकला?”