खांबची म्हणून सांगितलं

आम्ही निघालो तेव्हा गागोद्याच्या थांब्यावर शेजारची कुसुम तेवढी आली होती. मुलगा आणि सून वाल उपटायला शेतात गेले होते. रडारड झाली नाही. कुसुम म्हणाली, "परत कधी येशील गो?" मी म्हटलं, "पोरीची कंपनी सुटंल तेव्हा."

पोरगी म्हणजे माझी नात सायली. पेणच्या कॉलेजात शिकते. कॉलेजानं तिला तीन महिने रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत धाडलं. ती त्याला इंटर्नशिप म्हणते. हजेरी भरली नाही तर वर्ष अडकतं. एकट्या पोरीला पाठवायचं नाही, म्हणून मी. बाळंतपणं सोडली तर मी घराबाहेर सलग आठ दिवस कधी राहिले नव्हते.

पेणला गाडी बदलली. वडखळला एक बाई चढली, शेजारी बसली आणि विचारू लागली, कुठून आलात, कुठं निघालात. मी खिडकीबाहेर बघत बसले. लहानपणी आयेबरोबर वाल घेऊन पेणच्या बाजाराला चालत जायचे, तेव्हा ती रस्ताभर बजावायची, "अनोळखी माणसाला गाव सांगायचं नाय. गाव कळलं की घर कळतं." आता ती नाही, रस्ताही तो नाही. पण मला ते अजून पटतं.

रोह्यात सुलभाताईंच्या घरामागची खोली मिळाली. सामान ठेवलं तोच त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

"खांबची," मी म्हटलं. येताना गाडीतून त्या गावाची पाटी वाचली होती, तेच तोंडात आलं.

"अगोबाई, माझं माहेर खांबचं. कुणाकडच्या तुम्ही?"

"पाटलांकडची." पाटील कुठल्याही गावात असतात.

"वरच्या आळीतल्या का खालच्या?"

"मधल्या."

त्या किल्ली देऊन आत गेल्या. सायली नळावर गेली होती, तिला यातलं काही कळलं नाही.

कंपनी सोमवारी सुरू होणार होती. मधल्या दोन दिवसांत आम्ही रोहा बघितलं. म्हणजे सायली फोनमध्ये बघून चालायची आणि मी तिच्या मागं. कुंडलिकेच्या पुलावर ती फोटो काढत होती, मी मागं कोण उभं आहे ते बघत होते.

"आपण कुठं हाव ते या फोनला कसं कळतं?" मी विचारलं.

"कळतं गो आजी."

"मग आणि कुणाकुणाला कळतं?"

तिनं फोन पिशवीत टाकला.

रिक्षानं जाऊन कंपनीचं गेट बघून आलो. रिक्षावाला म्हणाला, "पोरगी कंपनीत लागली का?"

"नाय, पावणी आली हाय."

"कंपनीच्या गेटवर पावणी?" तो हसला. मी त्याच्या रिक्षाचा नंबर पाठ केला.

रविवारी सुलभाताईंनी भाडेकरूच्या नोंदीसाठी आधार कार्डं मागितली. सायलीनं दोघींची काढून दिली. कार्डावर गाव लिहिलेलं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी कार्ड वाचलं, परत वाचलं.

"मावशी, गागोदे बुद्रुक खांबात कधी आलं?"

मी कार्ड घ्यायला हात पुढं केला.

"भावाला फोन केला होता मी. मधली आळी खांबात नायच. खोटं बोलणारं माणूस मला घरात नको. संध्याकाळपर्यंत दुसरी खोली बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनी, आणि पोरीची खोली चालली ती माझ्यामुळं. सायली एवढंच म्हणाली, "आजी, तू सगळ्यांवर संशय घेत होतीस. आता लोकांनी आपल्यावर घेतला."

मी सुलभाताईंना सांगितलं, "खोटं मी बोलले. पोरीला ठाऊक नाय. वयात आलेली पोरगी माझ्याबरोबर, आणि तुम्हाला मी ओळखत नव्हते."

"आणि मी तुम्हाला ओळखते व्हय?"

हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

"गावात कुणी हाय का तुमची खात्री देणारं?" त्या म्हणाल्या. "घरचं माणूस नको."

मी कुसुमचा नंबर दिला. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला.

"ती म्हातारी?" कुसुम म्हणाली. "चाळीस वर्षं शेजार हाय आमचा. वाटीभर साखर मागितली तरी विचारते, कालची संपली कशी. सख्ख्या सुनेच्या हातात कपाटाची चावी देत नाय. पण माझी पोरगी तापानं फणफणली होती तेव्हा तीच तिला खांद्यावर घेऊन पेणला चालत गेली. मला तिनं विचारलं पण नाय. ठेवा तुम्ही त्यांना."

सुलभाताईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "राहा. पण पुन्हा खांबचं नाव घेऊ नका."

सोमवारी सायली वेळेवर कंपनीत गेली.

हे लिहून घेताना तुम्ही विचारता, गावाची आठवण येते का. शेताची फारशी येत नाही. साठ वर्षं राबले, पुरे झालं. पण गावात मला कधी कुणी विचारलं नाही, तू कोण, कुठली. इथं रोज विचारतात. मी आता गागोद्याची म्हणून सांगते. पुढं विचारलं तर काम आहे म्हणून निघते. मला आतून बाहेरून ओळखणारं माणूस इथं नाही आणि या वयात नवीन होणार नाही. ते तिकडंच आहे, म्हणून घर तिकडंच.

फोनवरचं सगळं मी ऐकत होते, हे कुसुमला अजून कुणी सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळेल. कळू दे.