जाऊबाईंनी खोडलेलं कारण

'आधीपासूनचा आजार' हे दोन शब्द ऐकले की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझ्या थोरल्या जाऊबाई गाद्या-उशांच्या कारखान्यात शिलाईला. मीही तिथेच, दोन मशीन सोडून. त्यांना बारा वर्षं मधुमेह, त्यात कापसाच्या धुळीनं वाढलेला दमा. पण बाई पथ्याची पक्की. गोळी, इन्हेलर, जेवण, सगळं घड्याळाच्या काट्यावर. "साखर माझ्या हातात आहे, तोवर मी कुणाच्या हातात नाही," असं हसून म्हणायच्या.

त्या थंडीत फ्लूची साथ आली. निम्मा हॉल खोकत होता, पण सुट्टी मागितली की सुपरवायझर अंगावर यायचा. जाऊबाईंच्या दोन्ही बाजूंना तापानं फणफणलेल्या बाया. त्या सुपरवायझरकडे गेल्या.

"मला जरा लांब, खिडकीपाशी बसवा. मला दमा आहे, साखर आहे. यांचं दुखणं चार दिवसांत जाईल, माझं तसं नाही."

"सर्दीच आहे हो, काकू! तुम्ही काय काचेच्या आहात?"

हॉल हसला. मी गप्प बसले. ते अजून टोचतं.

आठवड्याच्या आत जाऊबाई पडल्या. शेजारच्या दोघी तोवर बऱ्या होऊन कामाला लागल्या होत्या. इकडे साखर चारशेच्या वर, ओठ निळे, वाक्य पुरं करायला श्वास पुरेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, "विषाणू तोच. पण तापात साखर भडकते, आणि भडकलेली साखर शरीराला लढू देत नाही. त्यात दम्यानं श्वासनळ्या आधीच सुजलेल्या. अशा माणसांना आधी जपायचं असतं."

जपायचं! अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या.

बाराव्या दिवशी मॅनेजर रजेचा अर्ज घेऊन आला. कारण आधीच टाइप केलेलं: 'आधीपासूनचा आजार'.

"मुळात तुमची तब्येतच तोळामासा," तो म्हणाला.

जाऊबाई उशीला टेकून बसल्या. "या आजारापायी बारा वर्षांत माझा एक खाडा नाही. हजेरी बघा." त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'जागा बदलून मागितली, दिली नाही.' मग सही केली.

त्यांना काढून टाकायचं घाटत होतं. हॉलमधल्या बायांनी त्या अर्जाच्या नकलेखाली सह्या केल्या, पहिली माझी, तेव्हा नोकरी वाचली. छाती मात्र पूर्ववत झाली नाही. एक जिना चढताना दोनदा थांबतात.

कामावर परतल्या त्याच दिवशी त्यांनी हॉलला विचारलं, "साखर, दमा, हृदयाचं, किडनीचं, कुणाकुणाला आहे?" नऊ हात वर आले. इतकी वर्षं नोकरीच्या भीतीनं सगळ्या तोंड दाबून बसलेल्या! पुढची थंडी यायच्या आत जाऊबाईंनी नऊही जणींना दवाखान्यात नेऊन फ्लूची लस टोचून आणली.

परवा सुपरवायझर म्हणाला, "काकूंचं नशीब बलवत्तर हो."

"नशीब कसलं?" मी म्हटलं. "तुमचं पाप त्यांनी निस्तरलं."

तो पाठ फिरवून निघून गेला. पण माझा राग काही निवला नाही.