कागदाला पाय लावायचा नाही

बाबांना लकवा मारला तो पावसाळा संपता संपता. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, ओढत का होईना चालायला लागले. जीभ तर कधी गेलीच नव्हती, असं आई म्हणते. पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. बाबांनी ती शालीखाली घातली आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही बाहेर काढली नाही. व्यायाम करा म्हणून डॉक्टर सांगायचे, मी सांगायची, शेजारचे सांगायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

हाताचं एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी आमच्यात बसून जेवणं सोडलं. डाव्या हातानं खायचं, त्यात ताट सरकायचं, वरण सांडायचं, आणि हे कुणी पाहावं हे त्यांना मंजूर नव्हतं. आतल्या खोलीत दार लावून जेवायचे. आई वरणात भाकर कुस्करून वाडग्यात द्यायची, चमच्यासकट, लहान लेकराला देतात तशी. एका हातानं भाकर मोडून पाहा, म्हणजे कळेल.

आणि हा माणूस भाकरीचा केवढा शौकीन! बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. जन्मभर लोखंडाचे सुटे भाग तपासले, चांगले ते पुढे पाठवले, वाईटावर लाल खूण केली. तीच नजर घेऊन ते जेवायला बसायचे. ‘ही एका बाजूनं जाड आहे. रिजेक्ट,’ म्हणायचे आणि तीच भाकर आधी मोडायचे. आई भडकायची, मी हसायची. आता टेबलावर आई आणि मी समोरासमोर बसून मुकाट जेवत होतो. बाबा पुन्हा आमच्यात येऊन जेवतील का, एवढा एकच प्रश्न घरात उरला होता आणि तो कुणी तोंडातून काढत नव्हतं.

अशात आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या अधारताल भागात, घराजवळच्या समाजभवनात पतंग बनवायला शिकवणार असल्याचं कळलं. संक्रांतीच्या आधीचा शनिवार-रविवार. मी लगेच नाव दिलं. लहानपणी मला कायम मांज्याची चक्री धरायला उभं केलं गेलं, पतंग उडवायचे ते भाऊ, आणि तो राग पन्नाशीतही माझ्या पोटात होता. बाबांना न्यायचा विचार माझा नव्हता. तो आईचा.

शनिवारी सकाळी तिनं बाबांची चप्पल दारात आणून ठेवली.

‘दोघंही जा. मले दोन दिवस घर झाडू-पुसू द्या.’

‘मी काहून? मले का पतंग उडवायचे आहेत?’

‘तिथं जाऊन तपासा ना कोणाचा वाकडा आहे ते. इथं माझ्या मागं बसून काय तपासून राहिले?’

बाबा निघाले. आईपुढं त्यांचं इन्स्पेक्शन कधीच चाललं नाही.

शिकवायला घमापुर मोहल्ल्यातून एक बाई आल्या होत्या. सगळे त्यांना आपा म्हणत. साठीच्या, ऐसपैस, आवाज असा की माइकची गरज नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या पतंगांचं काम. विनय वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. आल्या आल्या सांगितलं, ‘सक्रांत को ग्वारीघाट पे जितनी पतंगें कटती हैं ना, उनमें आधी मेरी।’

मी विचारलं, ‘आपा, कटी हुई क्यों गिनती हो?’

‘अरे दीदी, कटेगी नहीं तो लोग दूसरी काहे को खरीदेंगे?’

मला ही बाई तिथंच आवडली.

मधल्या उभ्या काडीला त्या ठड्डा म्हणायच्या, वाकवलेल्या काडीला कमान. बांबूची कामटी मांडीवर घेऊन सुरीनं तासायच्या, आणि तासताना आमच्याशी बोलत असायच्या, सुरीकडे बघतसुद्धा नव्हत्या. मैद्याची खळ आधीच शिजवून आणली होती, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. त्यामुळं एकच कडक नियम: साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी काही तोंडात घालायचं नाही.

बाबा कोपऱ्यातल्या वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून आपांचे तयार पतंग डोळ्यांजवळ धरून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, ‘इसकी कमान बीच में मोटी है, किनारे पे पतली। आधे सूत का फरक है।’

मी डोळे मिटून घेतले. आता ही बाई यांना घालवून देते.

‘आधे से जरा कम,’ आपा म्हणाल्या. ‘किनारे पे पतली नहीं होगी तो झुकेगी कैसे? आप कहाँ थे, भाईसाब? फॅक्टरी में?’

‘इन्स्पेक्शन में।’

‘तभी। चलो, अब अपनी बनाओ। दूसरे की देखना आसान है।’

आणि त्यांच्यासमोर लाकडी फळी टाकून तिच्यावर पांढरा कागद ठेवला. शालीखाली काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते दिसलं नसेल असं मात्र मला वाटत नाही.

पतंगाचा कागद म्हणजे हवाच. श्वास लागला तरी उडतो. तो दाबून ठेवायचा, वर ठड्डा चिकटवायचा, मग कमान वाकवून तिची टोकं कोपऱ्यांत बसवायची. दोन हात त्याला पुरत नाहीत, म्हणून पतंगवाले पायाचा हात करतात. आपांनी करून दाखवलं: एक कोपरा पायाच्या अंगठ्याखाली, दुसरा गुडघ्याखाली, आणि दोन्ही हात मोकळे. बघता बघता पतंग तयार. आम्ही सगळ्यांनी मोजे काढले, थंडीनं कुडकुडत अंगठे कागदावर टेकवले.

बाबांनी नाही.

‘पाँव रखो, भाईसाब,’ आपा म्हणाल्या. ‘आपको तो और आसान पड़ेगा।’

‘कागज पे पाँव नहीं रखूँगा।’

हे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या घरात कागदाला पाय लागला की तो उचलून डोळ्यांना लावायचा. ही शिस्त आजोबांची. आजोबा भंडाऱ्याकडून इथं रेल्वेच्या मजुरीवर आले. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, कारण त्यांच्या लहानपणी आमच्या लोकांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नसत. पण रस्त्यात छापील कागद पडलेला दिसला तर ते वाकून उचलायचे, झटकायचे आणि भिंतीच्या फटीत खोचून पुढं जायचे. बाबा आमच्या घरातले पहिले शिकलेले. बुटांखाली वर्तमानपत्र अंथरलं म्हणून मी त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे.

आपा म्हणाल्या, ‘पर इस पे कुछ लिखा थोड़ी है।’

‘आज नहीं लिखा। कल कोई लिख सकता है।’

आता आपांचाही पारा चढला. ‘मतलब मैं जिंदगीभर से गुनाह कर रही हूँ?’

‘नहीं जी। आपका रोजगार है, आपका पाँव भी हाथ है। मेरा पाँव पाँव है।’

आपा म्हणाल्या, ‘अच्छा। तो अपना हिसाब आप जमाओ।’

बाबांनी जमवून पाहिलं. कोपऱ्यावर दगड ठेवला, तर ओल्या खळीनं कागद दगडाखालून सरकला. पाण्याचा ग्लास ठेवला, तर कागदावर गोल डाग उमटला आणि उचलताना तिथंच फाटला. मी धरायला पुढं झाले तर खेकसले, ‘तू तुझा पाहा.’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

‘पत्थर को क्या मालूम कागज कब सरका,’ आपा जाता जाता म्हणाल्या. ‘हाथ को मालूम पड़ता है।’

दुपारी पुरी-भाजी आली. सगळे सतरंजीवर गोल करून बसले. बाबा मोड्यावरूनच म्हणाले, ‘मेरा उपास है।’

मला हसावं की रडावं कळेना. पौर्णिमेलाही दोनदा जेवणारा हा बौद्ध माणूस, त्याला शनिवारचा उपास! पण डाव्या हातानं, चारचौघांत, पुरी तोडायची कशी, हे मला दिसत होतं. मलाही जेवण गेलं नाही.

संध्याकाळी बाबांनी आपल्या फाटक्या पतंगाकडे एकदा नीट बघितलं, डाव्या हातानं खिशातलं लाल पेन काढलं आणि त्यावर मोठी फुली मारली. घरी येऊन आतल्या खोलीत गेले. आईनं कुस्करलेलं वाडगं नेऊन दिलं आणि दार लागलं.

मला वाटलं, संपलं. उद्या मी एकटीच. पण रविवारी सकाळी उठून बघते तर बाबा माझ्याआधी तयार. डाव्या हातानं दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचं रक्त, आणि चेहऱ्यावर अशी घाई की जणू फॅक्टरीचा भोंगा झाला आहे.

‘कुठं चालले?’ आईनं विचारलं.

‘माल रिजेक्ट झाला की तसाच नाही टाकत. पुन्हा करावं लागते.’

भवनात ते मोड्यावर बसले, फळीवर नवा कागद घेतला. ठड्डा हाताशी ठेवला. मी माझ्या कमानीशी झटापट करत होते, पण लक्ष तिकडंच होतं. त्यांनी शाल खांद्यावरून खाली सोडली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, उचललं, आणि ती मिटलेली मूठ कागदाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली.

इतक्या महिन्यांनी मी ती मूठ उजेडात बघितली. बारीक झाली होती, नखं वाढलेली, त्वचा पांढुरकी. पायाला कागदावर जागा नाही म्हटल्यावर हाताला बाहेर यावं लागलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसायला गेले तर हाताला खळ. खळीतलं मोरचूद आठवून तशीच बसले.

आपा आल्या. मला भीती वाटली की आता ‘शाबास’ वगैरे म्हणतील, आणि बाबा पुन्हा शालीत जातील. त्यांनी वाकून मूठ एका बोटानं जराशी पुढं सरकवली, फळीवरची वस्तू सरकवावी तशी. ‘इधर। कोने पे वजन चाहिए, बीच में नहीं।’ आणि दुसऱ्याचा पतंग बघायला गेल्या. मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडले.

ठड्डा बसला. कमान वाकवताना अचानक बाबा म्हणाले, ‘सरकला.’

‘काय सरकला?’

‘कागद. मुठीखालून सरकला. मले समजलं.’

तोपर्यंत त्या हाताला काही समजतं, हेच त्यांनी कुणाला कबूल केलं नव्हतं. बहुधा स्वतःलाही नाही. ते मुठीकडे असे बघत होते, जणू ती दुसऱ्याची आहे आणि तिनं आत्ता तोंड उघडलं आहे.

दुपारी पुन्हा पुरी-भाजी आली. पुन्हा उपास.

‘आज भी?’ आपा म्हणाल्या. ‘ये कौन सा बरत है जी, दो दिन का?’

बाबा खाली बघून खळीची वाटी ढवळत राहिले. माझा सकाळपासूनचा आनंद खर्रकन उतरला. हात बाहेर आला, पण माणूस अजून आतल्या खोलीतच होता.

चार वाजता भवनामागच्या मैदानात पतंग उडवले. बाबांचा पतंग वर जाऊन एका अंगावर कलला. बाबा लगेच म्हणाले, ‘रिजेक्ट.’ आपांनी तो उतरवला, हलक्या बाजूच्या टोकाला चिंधी गुंडाळली, त्याला त्या कन्नी म्हणतात, आणि परत सोडला. पतंग सरळ झाला. दोर माझ्या हातात होता. चक्री बाबांनी धरली, डाव्या हातात एक दांडा आणि दुसरा उजव्या काखेत दाबून. पन्नाशीत पहिल्यांदा मी पतंग उडवत होते आणि माझी चक्री माझ्या बापानं धरली होती. मी चेकाळल्यासारखी ओरडत होते.

अधारतालच्या कुठल्याशा गच्चीवरून एक काळा पतंग आला आणि त्यानं आमचा कापला.

‘चलो, एक और मेरी गिनती में!’ आपा टाळी वाजवून म्हणाल्या.

‘नहीं जी,’ बाबा म्हणाले. ‘ये मेरी थी। मेरी गिनती में।’

आपा कंबरेवर हात ठेवून हसल्या. ‘ठीक है। पास?’

‘पास,’ बाबा म्हणाले.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. बाबा मोरीत गेले आणि बराच वेळ साबणानं मूठ घासत राहिले, बोटांच्या फटींतली खळ निघेपर्यंत. दोन दिवसांच्या दुपारच्या उपासानं भूक तर लागलीच असणार. मी ताटं घेतली, सवयीनं दोन. आईनं सवयीनं वाडग्यात वरण ओतलं आणि भाकरीचा तुकडा कुस्करायला घेतला.

बाबा आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तिथं थांबले. मग वळून आले आणि टेबलाशी त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसले.

‘कुस्करू नको,’ ते आईला म्हणाले. ‘आख्खी दे.’

आईचा हात वाडग्यातच राहिला. मी तिसरं ताट मांडलं, त्यात वरण वाढलं. तव्यावरची भाकर तिनं तशीच त्यांच्या ताटात टाकली, आणि पुन्हा चुलीकडे तोंड केलं.

बाबांनी मूठ उचलली आणि भाकरीच्या कडेवर ठेवली. डाव्या हातानं दुसरी कड धरून ओढली. भाकर सरकली. वरण टेबलावर सांडलं. त्यांनी मूठ जरा पुढं घेतली, कोपऱ्यावर वजन, मध्ये नाही, आणि परत ओढली. भाकर मोडली. वाफ निघाली.

पहिला घास चावून झाल्यावर ते म्हणाले, ‘एका बाजूनं जाड आहे.’ आणि पुढचा तुकडा मोडत, ‘सुटला बा उपास एकदाचा.’