आयाचं काम

"आयाले बोलवा," हे ती इतक्या शांतपणे म्हणायची की त्यात कोणाला तुसडेपणा दिसत नसे. छातीवर टाचलेलं घड्याळ सरळ करायची, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून चादरीकडे एक नजर टाकायची, आणि चादर ओली असली की एवढे दोनच शब्द. आया यायची, पडदा ओढायची. तोवर ही पुढच्या खाटेपाशी पोचलेली असायची.

सौसरहून येऊन मी पांढुर्ण्याच्या त्या खाजगी दवाखान्यात नवीन लागले, तेव्हा ती तिथली सगळ्यात जुनी सिस्टर होती. गावात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून तिच्या मास्तर नवऱ्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे 'सिस्टर'च म्हणत. मी तेवढी ताई म्हणायचे. हात फार हलका. तिनं सुई टोचली की लहान मुलं रडायचं विसरत. तुम्हीही अशी एखादी सिस्टर पाहिली असेल, कामात चोख, पण काही कामांना अजिबात न शिवणारी. खरं म्हणजे आम्ही सगळ्याच तशा होतो. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

जर्मनीत नर्स हव्यात म्हणून नागपुरात भाषेचे वर्ग निघाले आणि तिनं मला ओढूनच नेलं. मुलगा कॉलेजला बाहेरगावी गेलेला, घरी नवरा आणि सासू. वय चाळिशीच्या पुढचं. "आता नाही तं कधी जाईन व?" म्हणाली. आम्ही रेल्वेनं नागपूरला ये-जा करत ती आडमुठी भाषा घोकली. निघायच्या दिवशी स्टेशनवर अर्धा मोहल्ला आला होता. सासूनं तिला कुंकू लावलं आणि उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, की आमची सून तिकडच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर म्हणून चालली.

तो दवाखाना नव्हता. एका लहानशा गावातला वृद्धाश्रम होता. आमचं इकडचं शिक्षण तिकडे मान्य होऊन परीक्षा पास होईपर्यंत आम्ही नुसत्या मदतनीस. पहिल्या सकाळी तिथल्या प्रमुख बाईंनी आमच्या हातात मोजे, टॉवेल आणि पाण्याचं भांडं दिलं आणि एका खोलीकडे बोट दाखवलं. ताई बाहेरच थांबली. मग हळूच मला विचारलं, "इथं आया कुठी आहे?"

मी म्हटलं, "ताई, आया आपणच."

तिनं मोजे चढवले. आत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची पूर्वी बेकरी होती, म्हणून आम्ही आपसात त्यांना पाववाले आजोबा म्हणू लागलो. लकव्यानं एक बाजू गेलेली. ताईनं खिडकीकडे तोंड करून त्यांना पुसलं आणि बाहेर येऊन कितीतरी वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

बाकीचं अंगवळणी पडत गेलं. थंडीत ती स्वेटरवर स्वेटर चढवून त्यावर मास्तरांचं जाकीट घालायची. रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी उभं राहायचं तिला हसू यायचं. पहिल्यांदा झुणका केला तेव्हा फोडणीच्या धुरानं इमारतीची धोक्याची घंटा वाजायला लागली आणि सगळे भाडेकरू खाली अंगणात जमा झाले. ही हातात झुणका परतायचा सराटा घेऊन त्यांच्यात उभी, आणि प्रत्येकाची जर्मनमध्ये माफी मागत होती. त्या दिवसापासून शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की नाक हुंगून दाखवायच्या आणि दोघी हसायच्या.

घरी मात्र तिनं खरं सांगितलं नाही. व्हिडिओ कॉल करायचा तर ती औषधांच्या कपाटासमोर उभी राहायची. काय काम करतेस विचारलं की इंजेक्शन, ड्रेसिंग, बीपी. सासू ते ऐकून शेजारणीला ऐकवायची. फोन ठेवला की ताईचा चेहरा उतरलेला असायचा. तिकडेही नर्सला त्यांच्या भाषेत सिस्टरच म्हणतात, पण आम्हाला अजून कोणी तसं म्हणत नव्हतं. एकटे पाववाले आजोबा म्हणायचे, चांगल्या हातानं तिची बाही धरून. "एवढा हाच मले सिस्टर म्हणते," ती म्हणायची, आणि त्यांच्या खोलीत हळूहळू तिचं तोंड खिडकीकडून आत वळलं.

पोळ्याचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात ती जत्रा, म्हणून पांढुर्ण्याच्या घरी पाहुणे भरलेले. सावरगावची नणंदसुद्धा मुलांना घेऊन आलेली. ताई मधल्या सुट्टीत सगळ्यांशी फोनवर बोलत होती, तेवढ्यात आजोबांच्या खोलीची घंटा वाजली. "ठेवतो," म्हणत तिनं फोन खिशात सरकवला आणि धावली. मागोमाग मीही गेले. आजोबांचं पोट बिघडलं होतं. बिचारे डोळे मिटून पडले होते.

"तू त्याईले कुशीवर धरून ठेव," ती मला म्हणाली. "मी मागून धुऊन काढतो. बहुत भरलं आहे. अन् तोंडावर हसू ठेव, त्याईले लाज वाटून राहिली."

पाणी बदललं, कपडे बदलले, ती त्यांच्याशी मराठी-जर्मन मिसळून बोलत राहिली. सगळं आटोपल्यावर तिच्या खिशातून सासूचा आवाज आला.

"सूनबाई, फोन चालू आहे."

मागे पाहुण्यांचा एक शब्द नव्हता. ताईनं फोन बंद केला. त्यानंतर मास्तरांचे किती फोन आले, तिनं उचलले नाहीत. मला वाटलं, सिस्टरची आया झाली हे घरच्यांना कळलं म्हणून ती लाजते आहे. मी समजूत घालू लागले, की इथं हे काम सगळेच करतात, त्यात हलकं काही नाही.

"ते नाही व," ती म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. तिचे सासरे लकव्यानं दोन वर्षं अंथरुणावर होते. ती दवाखान्यातून यायची, सासऱ्यांचा बीपी बघायची, सुई द्यायची, गोळ्या काढून ठेवायची, आणि उठून स्वयंपाकाला लागायची. चादर ओली दिसली तर सासूला हाक मारायची. न्हाऊ घालणं, धुणं, कुशीवर घेणं, सगळं सासूनं एकटीनं केलं. म्हातारीनं कधी तक्रार केली नाही. सून सिस्टर होती ना.

"परक्या माणसाले मी कशी बोलतो ते बुढीनं आयकलं," ताई म्हणाली. "तिले सगळं आठवलं असन. तिले तोंड कसं दाखवू मी?"

शेवटी सासूनं माझ्या आईकडून माझा नंबर घेतला आणि मला फोन केला. मी आता टोमण्याची वाट बघत होते. फोन मी मुद्दाम ताईजवळ धरला होता.

"पोरी, तिले सांग," म्हातारी म्हणाली, "एकटीनं माणूस कुशीवर घेत नको जाऊ म्हणा. कमर जाते. माझी गेली."

मग थंडी किती आहे, जेवण मिळतं का, असं काही विचारून तिनं फोन ठेवला. ताई पलंगाच्या कडेवर बसून होती. रडली नाही. मी चहा पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी परीक्षा पास झालो. तिचे गुण माझ्याहून चांगले. आजोबा त्याआधीच गेले होते. तिनं रजा काढली, पांढुर्ण्याला गेली आणि परत आलीच नाही. फोनवर फक्त म्हणाली, की माझं सामान कोणाला लागलं तर देऊन टाक.

गेल्या उन्हाळ्यात मी घरी आले. सौसरच्या एका लग्नात पंगतीला बसले असताना शेजारची बाई कोणाला तरी सांगत होती, की ती पांढुर्ण्याची सिस्टर तिकडे नापास झाली, म्हणून हाकललं. माझे कान तापले. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या घरी गेले. मास्तरांनी पुढच्या खोलीत बसवलं. ताई ओल्या हातांनी बाहेर आली. ऐकलेलं मी तिला सांगितलं आणि म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगते.

"म्हणू दे," ती म्हणाली. "आमच्या घरी तं मी नापासच होती."

आतून म्हातारीनं हाक मारली. ताईनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि आत गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. न्हाणीतल्या पाटावर म्हातारी बसली होती, कमरेतून वाकलेली. सुनेसमोर लाजून तिनं लुगडं मुठीत घट्ट आवरून धरलं होतं. ताई तिच्यामागे जमिनीवर बसली, टॉवेल मांडीवर ठेवून नुसती थांबली. बऱ्याच वेळानं म्हातारीची मूठ सुटली.