हिरव्या गारेचं पातं

तोंडातला चहा आधी गिळा, मग ऐका; मागे हाच किस्सा सांगताना एकाच्या नाकातून आला होता! माझं जमत आलेलं लग्न एका दगडापायी मोडलं. दगड कसला, माझ्या तोंडापायीच म्हणा.

आम्ही चिंचवडचे, पवनेच्या काठाला रान. दारूबंदीच्या काळातली ही गोष्ट. तेव्हा पुण्याचे एक प्रोफेसर आदिमानवाची दगडी हत्यारं शोधत नदीकाठी यायचे आणि मी हौसेनं त्यांच्यामागे हिंडायचो. दगडातून बाणाची पाती कशी घडवायची, ते त्यांनीच मला शिकवलं.

वेड लागलं हो मला! काळा फत्तर फोडून पाहिला. तो हट्टी, टोक येतंय म्हणेपर्यंत मधोमध तुटायचा. तांबडी गार मनाला येईल तिकडे फुटायची. पांढरी गारगोटी मात्र पातळ निघायची. आधी गोट्यानं ठोकायची, मग घरातल्या औषधाला उगाळायच्या सांबरशिंगानं कडा दाबून बारीक कपच्या उडवायच्या. बोटं कापायची, शिंग झिजायचं, आई कावायची. आणि शेती? ती वडील करत होते की!

मावसभावाच्या लग्नाला देहूला गेलो, तेव्हा खिशात गारगोटीचं एक पातं होतं. पंगतीत पोरांना दाखवत होतो. वाढायला आलेली एक मुलगी थांबली. पातं हातात घेतलं आणि उन्हात धरलं.

"किती पातळ वो! ह्यातनं उजेड दिसतोय."

बास! एवढंच बोलली. सुमन तिचं नाव. त्या दिवशी पानात काय होतं ते शपथेवर सांगता येणार नाही, पण उन्हात धरलेला तो हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हापासून मला एकच ध्यास. आणखी उजेड दिसेल असा दगड हवा! नदी पालथी घातली. आणि सापडला की! घरामागच्या वळणावर, वाळूत. हिरवट, गोल, गुळगुळीत. फोडला तर आत नुसतं हिरवं पाणी! त्याचं पातं असं देखणं उतरलं, की मी दिवसभर खिसा चाचपत हिंडलो. हे तिनं उन्हात धरलं तर काय म्हणेल, एवढंच मनात.

प्रोफेसर नेमके परगावी, नाहीतर त्यांना विचारलं असतं.

मामाला गळ घातली. त्यानं देहूला सुमनच्या घरी शब्द टाकला आणि बघण्याचा कार्यक्रम ठरला. तिचे वडील कडक माळकरी, चहालासुद्धा व्यसन म्हणणारे. मामा पोह्यांत गुंतलेला. मी आपली रुमालावर पाती मांडली. काळं, तांबडं, पांढरं, शेवटी हिरवं. शेजारी वळणावरच सापडलेला दुसरा अख्खा हिरवा दगडही ठेवला.

वडिलांनी नेमका तोच उचलला. उलटा केला.

"पावणं, ह्याला बुडाला खळगा कसा काय?"

"निसर्गाची करणी, दुसरं काय!"

"आन् ही झिजल्याली अक्षरं?"

"प्राचीन लिपी असणार!"

आतल्या दारात सुमन उभी. डोळे मोठे करत होती, हात हलवत होती. आता तुम्हीच सांगा, मुलगी एवढी खुलल्यावर कोण गप्प बसेल?

"कुठं घावतं ह्ये?"

"आमच्याच घरामागे! खच पडलाय नुसता. गाडीभर निघतील!"

"कवापासनं?"

"आजोबांच्याही आधीपासून! खानदानी ठेवा आहे आमचा."

सुमनचा हात आणखी जोरात हलला. मला कसला चेव आला!

"मी तर एकदा घेऊन बसलो की जेवणाचीसुद्धा शुद्ध राहत नाही. लग्न होऊ द्या, सुमनलाही लावतो गोडी!"

वडील ताडकन उठले.

"दारूच्या बाटलीचं बूड हाय ह्ये! सरकारनं दारू बंद केली, आन् ह्यांच्या घरामागं खच! वर माझ्या लेकीला गोडी लावतोय! उठा!"

गावात दारूबंदी आली तेव्हा याच गृहस्थांनी स्वतः बाटल्या फोडल्या होत्या. बूड ओळखायला त्यांना प्रोफेसर कशाला हवा?

घरी आल्यावर माझ्या वडिलांनी उलगडा केला. महायुद्धाच्या काळात मी मामाकडे शिकायला होतो, तेव्हा आमच्या रानाच्या वर गोऱ्या सोल्जरांचा तळ पडला होता. त्यांनी नदीत फेकलेल्या बाटल्या पाण्यानं घासून घासून गोल केल्या. हे सांगायला मामा देहूला गेला. दारातूनच परत आला.

पुढे देहूच्या बाजारात सुमन दिसली. तिची आई वांगी निवडत होती. माझ्याकडे न बघताच सुमन जवळून गेली आणि हळूच म्हणाली,

"दारातनं हात हलवत व्हते, त्यो काय वारा घालत व्हते व्हय? गप बसा म्हनत व्हते. मला पसंत व्हता तुमी."

खोटं कशाला बोलू, आजही त्या बाजारातून जाताना वांग्यांच्या पाट्यांपाशी पाय अडतो. दुसऱ्या कुणी मोडता घातला असता, तर त्याला शिव्या देऊन मोकळा तरी झालो असतो!

वर्षभरात तिचं चाकणला लग्न झालं. राहवेना म्हणून मी मामाला चौकशीला धाडलं. त्या मुलात असं काय होतं?

मामा येऊन म्हणाला, "जमीन बेताची, रूपबी बेताचंच. पन बघायला आला तवा चकार सबूद बोलला न्हाई. पोरगी म्हनली, ह्योच पायजे."