दुसरा भाग आणि ‘वाईट नाही’

आमच्या घरात सिनेमाचा दुसरा भाग बघायला बंदी होती. बंदी आईने घातलेली. तिच्या मते दुसरा भाग म्हणजे फोडणीची पोळी: काल उरलं म्हणून आज केलं. बाबांचं म्हणणं, संपलेली गोष्ट संपली, तिला पुन्हा उठवून बसवायचं कशाला? मी या दोघांचीच लेक. ऑफिसात कुणी विचारलं, “पार्ट टू बघितलास का?” की मी म्हणायचे, “मला पार्ट वनच समजला होता.”

बाबांची आणखी एक तऱ्हा सांगायलाच हवी. त्यांच्या तोंडून कौतुक निघत नाही. सिनेमा टाकाऊ असला की म्हणतात, “छान होता की.” बरा असला तर गप्प बसतात. आणि मनापासून आवडला तर म्हणतात, “वाईट नाही.” याच्या वरची पायरी नाही. आईच्या पुरणपोळीला ते मिळालं, माझ्या इंजिनिअरिंगच्या निकालाला मिळालं, आणि आम्ही तिघांनी मिळून पाहिलेल्या एका विनोदी सिनेमाला मिळालं. त्या सिनेमाला आई इतकी हसली होती, की पुढच्या रांगेतले लोक पडदा सोडून तिच्याकडे बघत होते.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. बाबा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटे, मी खराडीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका सकाळी त्यांचा फोन आला. “आपल्या त्या सिनेमाचा दुसरा भाग लागलाय. रविवारची तीन तिकिटं काढ.”

“बाबा, बरं आहे ना? ताप वगैरे?”

“तीन,” ते म्हणाले.

“तिसरं कुणाला?”

फोनवर पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग एका दमात सगळं बाहेर आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी एक बाई भेटल्या होत्या. दोघांच्याही एकेका डोळ्यावर पट्टी. हडपसरच्या, शेतकरी घरातल्या. जमिनीवर इमारती झाल्या, उरलेल्या तुकड्यावर त्या रोपवाटिका चालवतात. नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. “आम्ही लग्न करावं म्हणतोय. पण तुला नको असेल, तर विषय इथेच संपला.” बाबा शब्दाचे पक्के. मी नको म्हटलं असतं, तर त्यांनी खरंच पुन्हा नाव काढलं नसतं.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. “एका डोळ्याने बघून ठरवलंत?” मी विचारलं.

“दुसरा उघडल्यावर पुन्हा बघितलं,” ते म्हणाले.

रविवारी त्या काकू मॉलच्या दारातच भेटल्या. “लई कडक हाय म्हनं तू,” त्या मला म्हणाल्या आणि हसल्या. मी नाही हसले.

सिनेमाला पहिल्याची सर नव्हती. विनोद तेच, नायकाचं पोट तेवढं नवीन. मी जांभया देत बसले होते. तेवढ्यात काकूंनी चष्म्याची डबी उघडली. आत भाजलेल्या शेंगा! बाहेरचं खाणं आत न्यायला सक्त मनाई, आणि आमचे बाबा म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारे. म्हटलं, झालं, मोडलं लग्न. तर बाबांनी मुकाट्याने हात पुढे केला! शेंगा फोडण्याची कटकट ऐकून पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं, आणि बाबांना हसू फुटलं. पडद्यावर हसण्यासारखं काहीही नसताना ते खदखदून हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आईची फार आठवण आली, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी फार बरंही वाटलं.

बाहेर आल्यावर बाबा चष्मा पुसायला लागले. पुसून झालेला पुन्हा पुसला. “कसा वाटला दुसरा भाग?”

प्रश्न सिनेमाचा नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, “वाईट नाही.”

बाबांचे डोळे भरून आले. काकूंचा मात्र चेहरा पडला. “वाईट न्हाई म्हंजी? एवढं काय वंगाळ दिसलं गं तुला?” आणि पर्स खांद्याला अडकवून त्या तरातरा रिक्षाकडे निघाल्यासुद्धा!

आम्ही दोघं मागे धावलो. “अहो, थांबा!” बाबा भर रस्त्यात ओरडले. “आमच्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक आहे ते! लग्न ठरलं तेव्हा हिच्या आईलासुद्धा मिळालं नव्हतं!”

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मंग तोंडानं सरळ बोलायला काय हुतंय?”

“सवय नाही,” बाबा आणि मी एकदमच म्हणालो.

तिथून तिघंही कर्वेनगरला आलो. भूक लागलेली, आणि घरात कालच्या पोळ्या तेवढ्या. मी त्या कुस्करल्या, कांदा-मिरचीची फोडणी दिली, मूठभर दाणे घातले, वरून लिंबू पिळलं, अगदी आई करायची तशी. काकूंनी पहिला घास घेतला. आम्ही बापलेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी सगळं ताट संपवलं. मग पुन्हा वाढून घेतलं, भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे एकदा पाहिलं, आणि चेहरा कोरडा ठाक ठेवून मला म्हणाल्या,

“वाईट न्हाई.”